माझ्या पदरचं वाक्य

जहाजावरचा स्वयंपाकी आमच्याकडे पाठ करून झोपला होता आणि हाताचं बँडेज बदलू देत नव्हता. सर्जन मला म्हणाले, "विचार त्याला, काय बिनसलंय. परवा तर शहाण्यासारखा वागत होता."

काय बिनसलंय ते मला विचारण्याआधीच माहीत होतं.

मी याच हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, लॅबमध्ये काम करते. सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. केलं आणि चार वर्षं संध्याकाळी स्पॅनिश शिकले. सुरुवात कुतूहलातून झाली. आता बशीतल्या जिवाणूंच्या वसाहतीसुद्धा मी मनात स्पॅनिशमध्ये मोजते. दोनशेपर्यंत चूक होत नाही, पडताळून पाहिलंय. बाबांच्या लेखी ही पोपटपंची. दादा म्हणतो, "हिला खडसवायचं तरी कसं, आधी भाषांतर करावं लागतं."

एम.एस्सी.ला जागा मिळाली होती आणि ती पक्की करायची मुदत आज पाचपर्यंत होती. पण मला हॉस्पिटलमधल्या दुभाष्यांचा अभ्यासक्रम करायचा होता. त्यासाठी डॉक्टरांचं शिफारसपत्र लागतं. सर्जननी ते टाइप करून घेतलं होतं, फक्त सही राहिली होती.

परवा स्वयंपाक्याचा उजवा हात पीठ मळायच्या मशीनमध्ये सापडला. त्याला फक्त स्पॅनिश येतं. फोनवरच्या दुभाष्याची लाइन लागेना, म्हणून मला वर बोलावलं. सर म्हणाले, "दोन बोटं चिरडलीत. वाचतील असं वाटत नाही, आत पाहूनच ठरवू. त्याची संमती घे."

मी सांगितलं, पण "वाचतील असं वाटत नाही" याचं "प्रयत्न करू" झालं. त्याने विचारलं, "बोटं राहतील ना?" हा प्रश्न मी सरांना विचारायला हवा होता. आमच्या स्पॅनिशच्या बाई पहिल्या दिवसापासून बजावत आल्या आहेत की दुभाष्याने पदरचं काही घालायचं नाही, धीरसुद्धा नाही. मी म्हटलं, "राहतील. घाबरू नका." त्याचे खांदे सैल झाले. माझ्या स्पॅनिशने पहिल्यांदाच कुणाला तरी बरं वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याच्याहून जास्त मलाच. त्याने डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली.

दोन्ही बोटं गेली.

आता मी त्याला सरांचा प्रश्न विचारला. तो भिंतीकडे बघतच बोलला, बराच वेळ.

"काय म्हणतोय?" सरांनी विचारलं.

"बरं नाही वाटत म्हणतोय" एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. खोलीत दोन्ही भाषा येणारी मी एकटीच होते.

"तो म्हणतो, डॉक्टर खोटारडे आहेत. बोटं राहतील असं सांगून सही घेतली. त्या माणसाला माझ्या हाताला पुन्हा हात लावू देणार नाही. मला चाकू धरता येत नाही, आता मला जहाजावर कोण ठेवेल?" मी एकही शब्द गाळला नाही.

"मी असं कधी म्हणालो?"

"तुम्ही नाही म्हणालात, सर. ते मी म्हणाले."

सरांनी चष्मा काढला. ते ओरडले असते तर सोपं गेलं असतं. "हे त्याला सांग आधी," एवढंच म्हणाले.

मी सांगितलं. डॉक्टरांनी खरं तेच सांगितलं होतं, खोटं मी बोलले. त्याने पहिल्यांदा वळून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "का?" मी उत्तर दिलं, "तुम्हाला बरं वाटावं म्हणून. आणि मलाही." त्याने बँडेजचा हात पुढे केला, सरांकडे.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "हे हॉस्पिटलला लेखी कळवावं लागेल. त्याच्या जहाजाच्या कंपनीलाही. आणि ते पत्र मी देणार नाही."

"हो, सर."

"यापुढे त्याच्याशी फोनवरूनच बोलू. लाइन लागेपर्यंत थांबू."

मी जिन्यात बसले. पत्र गेलं होतं. तरी एक गोष्ट नाकारता येत नव्हती: त्याचे आरोप सरांना जसेच्या तसे सांगताना मी दुभाष्याचं काम पहिल्यांदाच नीट केलं होतं. मला ते पुन्हा करायचं होतं, आणि तसं वाटण्याचीही लाज वाटत होती.

बाबांचा फोन आला. "झालं का पक्कं?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही.

"म्हणजे तेल तर गेलंच, आता तूपही जायचं," ते म्हणाले. "निदान एम.एस्सी. तरी धर."

"नाही, बाबा. लॅबमध्येच राहीन, ठेवलं तर. पुढच्या वर्षी सरांना पुन्हा विचारेन."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"म्हणतीलही."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "पाचला अजून वीस मिनिटं आहेत," बाबा म्हणाले. "मी फोन ठेवत नाही."

त्यांनी ठेवला नाही. मीही नाही. पाच वाजून गेले; जागा मी पक्की केली नव्हती, आणि फोन चालूच होता.