पायगुण

टीव्हीवर स्पर्धा सुरू झाल्यापासून आमच्या हॉलमध्ये कुणी जागा बदलत नाही. सासरे आरामखुर्चीत, डावा पाय उजव्यावर. नेमबाजीचं पदक आलं तेव्हा तो तसा होता, म्हणून आता मुंग्या आल्या तरी खाली येत नाही. नवऱ्याचा निळा टीशर्ट धुवायला टाकायची बंदी आहे, आणि शेजारून गेलं की ते कळतंही. दीर रिमोट उशीखाली पालथा घालून त्यावर बसतो. सासूबाईंना खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण विणकाम घेऊन त्या कोचाच्या त्याच टोकाला. माझी जागा स्वयंपाकघरात ठरली.

म्हणजे झालं असं, की मी चहा घेऊन आले आणि आपल्या तिरंदाजाचा बाण भलतीकडे गेला. मग लेकीचा, ढमीचा, मोजा शोधायला आले, तर हॉकीत आपल्यावर गोल.

"वहिनी, काय हो तुमचा पायगुण!" दीर म्हणाला. सगळे हसले, मीही हसले. पुढे मी दारात असताना बॉक्सिंगवाला हरला, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. सासऱ्यांनी नुसता हात हलवला, माशी हाकलावी तसा.

आज बुटकीची फायनल होती. बुटकी आणि मी एकाच व्यायामशाळेत वजनं उचलायचो. दोघींच्या तळव्यांना सारखेच घट्टे होते. माझे ढमीची लंगोटं धुता धुता मऊ पडले. सकाळी तिचा मेसेज आला, "बघशील ना? तू समोर आहेस असं वाटलं की बार हलका लागतो." मी लिहिलं, "पापणी लवू देणार नाही."

म्हणून ओटा लवकर आवरला, ढमीला भरवलं आणि हॉलमध्ये येऊन खुर्ची ओढली. "आज मी इथे बसणार."

"बस की. कोण नको म्हणतंय?" नवरा म्हणाला. दिराने छताकडे पाहिलं.

ढमी आजोबांच्या मांडीवर चढली. "बुटकी मावशी!" तिने टीव्हीकडे बोट दाखवलं. बुटकीने हाताला पावडर चोळली, बार छातीपर्यंत आणला, डोक्यावर नेला, आणि कोपर हललं. बार धाडकन खाली.

"वहिनी..."

"अहो भाऊजी, पहिलीच संधी आहे. अजून दोन आहेत."

"जा गं, दूध बघ," सासूबाई म्हणाल्या.

"दूध तापवून झालंय."

"मग दुसरं काहीतरी बघ."

नवऱ्याने टीव्हीवरची नजर काढली नाही. "जा ना गं थोडा वेळ. तुझ्याच मैत्रिणीसाठी म्हणतोय. रिप्ले दाखवतातच."

मी उठले. ओट्यापाशी उभी राहून कान तिकडे लावले. थोड्या वेळाने हॉल दणाणला.

"बघा! ती आत गेली आणि हिने उचललं!"

मला हाक मारून कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजच काय, भिंतीपलीकडून सगळं कळत होतंच.

शेवटच्या संधीला तिने वजन वाढवून मागितलं. उचललं तर ब्राँझ, नाही तर हात हलवत घरी. मी स्वयंपाकघराच्या दारावरच्या पडद्यापाशी गेले. हॉलमध्ये सगळ्यांचे डोळे समोर होते, मला अडवणारं कुणी नव्हतं. पडदा बाजूला सारला की झालं. व्यायामशाळेत मी अशीच तिच्या समोर उभी राहायचे आणि ती माझ्याकडे बघत उचलायची.

पण समजा, पडलं तर?

पाऊल उचलेना. मी वळले, फ्रिजच्या दाराला कपाळ टेकलं आणि डोळे मिटून घेतले. बुटकी, मी नाहीये हं. मी इथे नाहीये. उचल.

हॉल चिडीचूप झाला. मग आरडाओरडा, टाळ्या. खुर्ची कलंडली, बहुतेक सासऱ्यांची.

"वहिनी, या आता! अर्धं पदक तुमचं!" दीर ओरडला. "काय बरोब्बर आत राहिलात!"

"शहाणी आहे माझी सून," सासरे म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी पडदा सारून आले. नवऱ्याने सरकून मला कोचावर जागा दिली. "बस. आता बघ निवांत, आता काही बिघडत नाही."

रिप्ले सुरू झाला. बुटकी पुन्हा वाकली, बारवर बोटं आवळली. तिच्या मानेची शीर फुगली, ती कधी फुगते ते मला पाठ आहे. मी पुढे झुकले.

ढमी आजोबांच्या मांडीवरून घसरत उतरली. धावत आली आणि दोन्ही हातांनी माझे गुडघे ढकलायला लागली. रडवेली झाली होती.

"आई, तू आत जा ना. लवकर जा. मावशीच्या हातातून पडेल."

सगळे खो खो हसले. दिराच्या डोळ्यांतून पाणी आलं. "घ्या! पोरीलासुद्धा कळतं!"

"अगं पिल्ला, हे होऊन गेलंय," मी म्हटलं. तिला ते कळेना. ती टीव्हीकडे बघायची आणि जिवाच्या आकांताने ढकलायची. इवले तळवे घामेजले होते.

मी तिचे डोळे पुसले, आणि आत गेले.