बोटीवर अडलेली घरगाडी

सासऱ्यांनी किल्ली फिरवली आणि घरगाडी नुसतीच ‘टकटकटक’ करून गप्प झाली. बोट काठाला लागली होती, गाड्या उतरायचा लोखंडी उतार काठावर टेकला होता आणि रांगेत सगळ्यांत पुढे त्यांचीच गाडी होती. मागे मेंढ्यांचा ट्रक, त्याच्यामागे सहलीची बस.

शेजारी सून बसली होती. लग्नाला चांगली चार वर्षं झाली होती, पण ती आणि सासरे असे दोघंच कधी कुठे गेले नव्हते. मध्ये नेहमी नवरा असायचा. सासऱ्यांचं म्हणणं तो तिला सांगायचा, तिचं त्यांना. आज त्याचं तलावापलीकडच्या कारखान्यातलं काम संपणार होतं आणि त्याला आणायला म्हणून सासऱ्यांनी मोठ्या हौसेने ही गाडी काढली होती. स्वतःची बेकरी बंद केल्यावर घेतलेली. ओटा, पलंग, जेवायचं टेबल, सगळा संसार चाकांवर. घेताना अख्खं घर विरोधात होतं, आणि त्यात सून सगळ्यांत पुढे. अर्थात नवऱ्यामार्फत.

“रुसली आहे जरा,” सासरे म्हणाले आणि स्टिअरिंगवर थोपटलं. पुन्हा किल्ली. पुन्हा टकटकटक. मागून मेंढ्या ओरडल्या, मग बसचा हॉर्न.

नारिंगी जाकिटातला बोटीवरचा माणूस खिडकीशी आला. “आजोबा, उतरताय की परत येताय आमच्याबरोबर?”

“बॅटरी ठणठणीत आहे हो! हे बघा, आतले दिवे लागतात, पंखा फिरतो. इंजिनातच काहीतरी अडकलंय.”

सुनेने मागे वळून पाहिलं. पंखा खरंच भरभर फिरत होता. पण समोरच्या वेगाच्या काट्याजवळचे दिवे मात्र किल्ली फिरवली की विझायला आल्यासारखे मंद होत होते. ती लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती. एकाचं अंग गरम आणि दुसऱ्याचं गार लागलं, की ही दोन वेगळी पोरं आहेत एवढं तिला कळत होतं.

“बाबा, घरातली बॅटरी आणि इंजिनाची बॅटरी वेगवेगळ्या तर नाहीत?”

सासरे थबकले. मग त्यांनी कपाळावर हात मारला. “आहेत की! विकणाऱ्याने दाखवलं होतं. मी नुसती मान डोलावली. घरातली तुझ्या सीटखाली आहे.”

“म्हणजे मी सकाळपासून बॅटरीवर बसलेय?”

“आणि मी सकाळपासून पुढचे दिवे लावून, रेडिओ लावून बसलोय,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “बोटीतसुद्धा बंद केले नाहीत.”

तिला हसू फुटलं. सासऱ्यांनी आधी रागाने पाहिलं, मग तेही हसले.

किल्ली काढून दोघं खाली उतरले. बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड साठलेली, आणि एका तारेची पकड तर हाताने हलवली की डुलत होती.

“खाण्याचा सोडा लागेल,” सून म्हणाली. “कोमट पाण्यात.”

“बेकरीवाल्याच्या गाडीत सोडा नसेल?” सासरे तरुणासारखे आत पळाले आणि कोमट पाण्यात सोडा कालवून घेऊन आले. त्यांनी तारा सोडवल्या, आधी काळी, मग लाल. तिचा हात लहान, तो सांदीत सहज जात होता. जुन्या दात घासायच्या ब्रशने तिने टोकं घासली, पुसली. फेस उडाला तसे सहलीच्या बसमधले लोक खाली येऊन सल्ले देऊ लागले. “ढकलू या का?” असंही कोणीतरी विचारलं. सासऱ्यांनी गाडीचा आकार हाताने दाखवला, तेव्हा तो बसकडे वळला.

तारा घट्ट बसवल्या. किल्ली. टक... टक... एवढंच.

“जीव आहे, ताकद नाही,” सून म्हणाली. “सलाईन लावू या.”

सीट उचलून घरातली बॅटरी उघडी केली. सासऱ्यांनी जाड जोडतारा काढल्या. लाल तारेचा चिमटा घरातल्या बॅटरीच्या अधिक टोकावर, दुसरा इंजिनाच्या बॅटरीच्या अधिक टोकावर. काळी तार घरातल्या बॅटरीच्या उणे टोकावर लावून तिचं दुसरं टोक त्यांनी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला अडकवलं, बॅटरीपासून लांब, ठिणगी उडालीच तर तिकडे नको म्हणून.

“तू फिरव,” ते म्हणाले. “माझा हात नको आज.”

तिने किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि एकदम गरजली. बसवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, मेंढ्यांनीही आपलं मत दिलं. चिमटे उलट्या क्रमाने निघाले, बॉनेट आपटलं आणि सुनेच्या हातात घरगाडी डौलात काठावर उतरली.

“आता तासभर बंद करायची नाही हं,” शेजारच्या सीटवरून सासऱ्यांनी बजावलं. “बॅटरी भरू दे.”

कारखान्याच्या फाटकाशी नवरा बॅग घेऊन उभा होता. सुनेने गाडी त्याच्यापुढे उभी केली, पण इंजिन चालूच ठेवलं.

“चढ लवकर!” दोघं एका सुरात ओरडले.

तो गोंधळून पुढचं दार उघडू लागला. “बाबा, तुम्ही दमला असाल, मागे बसा. मी—”

“तू मागे पलंगावर जा,” सासरे म्हणाले. “आमचं बोलणं अर्धवट राहिलंय.”