थोरलीतले बटाटे

परवा सरांनी फळ्यावर लिहिलं, पाणी शंभर अंशांना उकळतं. मी हात वर केला. "सर, आमच्या गावाला, साहामाला, शह्याऐंशीलाच उकळतं."

"तुमच्या पाण्याला कसली एवढी घाई?" मागच्या बाकावरून आवाज आला आणि अख्खा वर्ग हसला. मीसुद्धा! गेल्या वर्षी, ओरुरो शहरातल्या या शाळेत नवी होते तेव्हा, बाकाखालीच शिरले असते. आता सरळ फळ्यापाशी गेले आणि सांगितलं, उंचावर पाणी लवकर उकळतं, पण बटाटा उशिरा शिजतो. किती उशिरा, ते सांगताना मात्र अडखळले. आमच्या घरी ते मिनिटांत कधी मोजलंच नाही. आजा बोकाण्यावर मोजायचा. कोकाची पानं गालात धरायची, त्यांची चव गेली की झाला एक बोकाणा.

साहामा डोंगराच्या डोक्यावर बर्फ आणि पायथ्याशी उकळती कुंडं. आमच्या म्हाताऱ्यांनी त्यांना नावं दिलेली. बहिरी आवाजच करत नाही, चहाडखोर दिवसभर बुडबुडते. आणि थोरली! थोरलीत पिशवी सोडली की एका बोकाण्यात बटाटे तयार, सालं आपोआप सुटलेली. लहानपणी मी आज्याच्या लोकरी पोंचोखाली शिरून वाट बघत बसायचे. पाठीला गार वारा, तोंडावर वाफ आणि आज्याच्या गालातला तो हिरवा वास. परवा फळ्यापाशीसुद्धा आला, शपथ.

गेल्या वर्षी मे महिन्यात, मी अजून गावीच होते आणि आमच्याकडची थंडी तोंडावर आली होती, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, आज्याचं हृदय या उंचीवर आणखी एक हिवाळा काढणार नाही. खाली कोचाबांबाला न्या, कायमचं. आजा म्हणाला, "जाईन. पण थोरलीतले बटाटे खाऊन."

आणि थोरली तर आठ दिवसांपूर्वीच विझली होती. जमीन जराशी हलली नि तिचं पाणी खाली उतरलं. आज्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्याला दिसलं नाही. मला दिसलं होतं.

फेर्मिनकाका त्याला न्यायला गाडी घेऊन आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "कळलं तर म्हातारा जागचा हलायचा नाही. हे घे, गॅसवर उकडलेत. चहाडखोरपाशी बसव आणि दे खायला."

"काका, त्याला कळेल."

"डोळे कुठायत त्याला?"

सकाळी गवतावर दंव कडक झालं होतं. मी आज्याला हाताला धरून नेलं, बसवलं. त्यानं टोपी काढून डोंगराला नमस्कार केला, जमिनीला दारूचे चार थेंब दिले. मग मान तिरकी करून ऐकत राहिला.

"योवाना, ही तर चहाडखोर."

मी पिशवी मागं सरकवली.

"आणि तुझ्या पिशवीला घरच्या पातेल्याचा वास येतोय."

मग काय, रडत रडत सगळं सांगून टाकलं. थोरली गेली, मी आठ दिवस बोलले नाही, बटाटे काकाचे. वाटलं, संपलं. आता हा इथून उठायचा नाही, आणि येत्या थंडीत...

आज्यानं हातातल्या काठीनं जमीन ठोकून बघितली. मग म्हणाला, "गेली म्हणजे कुठं गेली? पाणी काय बसमध्ये बसून जातं? बूट काढ."

"दंव पडलंय, आजा!"

"म्हणून तर. ही काठी घे, ठोकत जा. पोकळ वाजलं तर मागं फिर. तळव्याला ऊब लागली की थांब."

मी नाचतच फिरले, एवढं गार! पाय लालबुंद. सहावी की सातवी फेरी असेल, गवताच्या गड्ड्यामागं एकदम ऊब. दगड काठीनं सरकवला तर मुठीएवढं भोक आणि आत पाणी रटरटतंय. मी अशी किंचाळले की शेजाऱ्यांच्या चरणाऱ्या अल्पाका पळाल्या.

आज्यानं खिशातून तीन कच्चे बटाटे काढले. "फेर्मिनवर माझा भरवसा नव्हताच."

एक बोकाणा संपला. बटाटे कच्चटच.

"नवी आहे, शिकेल," आजा म्हणाला. पहिला बटाटा त्यानं त्या नव्या कुंडालाच परत दिला, तशी रीतच आहे. "ज्याला सापडते तोच नाव देतो. बोल."

माझ्या आठवणीत कुंडाला कुणी नाव दिलेलंच नव्हतं. आणि विचारतायत कुणाला, मला!

"उतावळी," मी म्हटलं. आजा मलाच अशी हाक मारायचा. तो हसला, खोकला येईपर्यंत हसला. मग कच्चट बटाटा करकर चावून संपवला, काठी माझ्याच हातात राहू दिली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गाडीकडे निघाला. मागं वळला नाही. वळून काय दिसणार होतं?

गेल्या सुट्टीत मी गावी गेले होते. उतावळी आता दीड बोकाण्यात शिजवते. मी स्वतः पानं चघळून मोजलंय, जीभ तासभर बधिर! तिचा आवाज फोनमध्ये भरून कोचाबांबाला पाठवला. आज्याचं उत्तर आलं, "छान बोलतेय गं. पण तिच्या मागं, डाव्या अंगाला, आणखी एक बारीक आवाज आहे. बूट काढले होतेस का?"

नव्हते काढले! आणि पुढची सुट्टी लागायला अजून तेवीस दिवस.