तळहातावरचा बेदाणा

तळहातावर बेदाणा. सुरकुतलेला, एका टोकाला देठाचा इवलासा काटा राहिलेला — रोहिणी त्याच्याकडे बघत होती, कारण ध्यानाचा वर्ग घेणाऱ्या मोहिनीताईंनी तसं सांगितलं होतं. "जणू आयुष्यात पहिल्यांदाच बघताय, असं बघा. मग जिभेवर ठेवा. चावायची घाई नको." नाशिकमध्ये राहून बेदाणा पहिल्यांदा बघायचा... काहीतरीच!

शेजारची सुरगाण्याची तानुबाई म्हणाली, "मी त खाऊन टाकला. आजून येक दे ना, बाई." सतरंजीवरच्या सगळ्या हसल्या, सगळ्याच कॅन्सरचे उपचार संपलेल्या. रोहिणीही हसली. तिला तानुबाईचा हेवा वाटला.

"आता लक्ष श्वासावर... मग हळूहळू शरीरावर..." लक्ष! ते मला कुणी शिकवायला नको. सकाळी दात घासतानाच बोटं गाठ चाचपत काखेत जातात, पाठीत चमक आली की ती हाडातली की नुसतीच, खोकला कालही होता का... दुसरं करतेय काय मी? आणि श्वासाचं म्हणाल तर दर रविवारी विहारात पोरांना आनापान तीच शिकवायची — श्वास आला, श्वास गेला, सगळं अनित्य, बाळांनो, धरून ठेवू नका. किती सहज म्हणायची! पहिल्या केमोत तिनं तोच शब्द, अनित्य, घट्ट धरला होता: हेही जाईल. गेलं. गाठ गेली, रिपोर्ट चांगला आला, आणि मग तोच शब्द अंगावर आला — चांगला रिपोर्टही जाईल. तेव्हापासून ती विहाराकडे फिरकली नाही. नवऱ्याला, धम्मपालला सांगितलं, गुडघे दुखतात.

सोमवारी पुन्हा स्कॅन. आशाच करायची नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं, आणि त्यात एक निवांतपणाही होता. केमोनं जिभेची चव नेली ती परत आलीच नाही. तेही एका परीनं बरंच... आवडणारं काही उरलंच नाही, तर जाणार काय?

तिनं बेदाणा जिभेवर ठेवला. काहीच नाही, चिंधी चघळावी तसं. मग तो दाताखाली फुटला आणि — आंबट. आधी आंबट, मग मागून, बिचकत आल्यासारखं, गोड. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय जाणवलं, रोहिणीताई?"

"काही नाही," ती म्हणाली.

तोंडातलं गोड ती गिळत नव्हती. तानुबाईसारखा आणखी एक मागावा, असं तिला फार वाटत होतं... आणि सोमवारची इतकी भीती तिला आजवर कधी वाटली नव्हती.