माझ्या चाळीस खुंट्या

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी फळी आहे. प्रार्थनामंदिराच्या दाराशी, आतल्या भिंतीवर, मागच्या बाकाच्या अगदी वर माझा मुक्काम आहे. माझ्या अंगावर चाळीस खुंट्या आहेत.

मला घडवले इथल्या ख्रिस्ती मंडळीतल्या ज्येष्ठ वडीलधाऱ्यांनी. त्यांना सगळे काका म्हणत. हाडाचे सुतार! प्रत्येक खुंटीवर त्यांनी पत्र्याचा एकेक बिल्ला अडकवला. पांढऱ्या बाजूला नाव, मागची बाजू लाल. घंटा झाली की जो आला नसेल त्याचा बिल्ला काका उलटा करीत. लाल झालेल्याने मागच्या बाकावर बसायचे, आणि त्या दिवशी त्याला प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या नावाने वाटला जाणारा पावाचा तुकडा, नाही. लोक आत शिरताच आधी माझ्याकडे पाहत. खोटे कशाला बोलू, मला त्याचा फार तोरा होता.

एक बिल्ला मात्र दर रविवारी लाल होई. तो भट्टीवालीचा. प्रभूच्या मेजावरचा पाव तीच भाजत असे. पाव जावेच्या हाती वेळेवर पोहोचे. ती स्वतः भट्टी रिकामी करून, पहिले गीत संपता संपता येई.

"भट्टीला घड्याळ कळत नाही, काका."

"मंडळीला कळतं, बाई."

"पाव तुझा आणि उपाशीही तूच!" जाऊ चिडवी. ती हसे. पण बसण्यापूर्वी लाल पत्र्यावरून हळूच बोट फिरवी. तिथे पिठाचा पांढरा डाग राही. असे अकरा महिने चालले.

मग मंडळीचे नवे धर्मगुरू, म्हणजे पाळक, आले. त्यांच्या पहिल्याच रविवारी काकू न्हाणीघरात घसरल्या आणि काकांना उशीर झाला. भट्टीवालीने आपला बिल्ला आधीच उलटवला होता; काकांनीही स्वतःच्या हाताने आपला उलटा केला व ते मागच्या बाकाशी आले. भट्टीवाली सरकली. "या काका, इथे वारा छान येतो."

पावाचे तुकडे वाटत पाळक शेवटच्या बाकापर्यंत आले. काकांनी मान हलवली. "आम्हाला नको. आमचे बिल्ले लाल आहेत."

"बिल्ले कुणी केले?"

"मीच."

"आणि हे मेज कुणी मांडलं?"

काकांनी मेजामागच्या क्रुसाकडे पाहिले. पाळक हलक्या आवाजात म्हणाले, "वेळेवर येऊन कुणी ते कमावलेलं नाही, काका. मीसुद्धा नाही. ही कृपा आहे. हात तेवढा पुढे करायचा."

काकांचा हात पुढे आला, आणि थबकला. "आधी हिला द्या," ते म्हणाले. "अकरा महिने मी हिला अडवलं."

तिने तुकडा तोंडात घातला. डोळे वाहत होते. "अगंबाई, मीठ कमी पडतंय की! इतके दिवस कुणी बोललं कसं नाही?"

त्या आठवड्यात काकांनीच सगळे बिल्ले उतरवले. "आता कोण येईल वेळेवर?" कुणी कुरकुरले. लोक आले. भट्टीवालीला उशीर होतच राहिला, पण आता ती धावत येई आणि गाणे दारातूनच सुरू करी.

आज काका नाहीत, तीही नाही. माझ्या खुंट्यांवर ओल्या छत्र्या, पिशव्या, दमलेल्यांचे कोट लटकतात. मित्रांनो, सातवी खुंटी सैल झाली आहे, तेवढी ठोकून द्या. तिच्यावर हवे ते ओझे टांगा; पण कुणाचे नाव पुन्हा टांगू नका.