माझ्या अंगावरचं शून्य

मित्रांनो, मला ओळखायला तुम्हाला फार वेळ लागणार नाही. शाळेच्या वर्गात असतो तसाच मी एक जुना लाकडी फळा आहे. राजपुऱ्यातल्या कौतिक सुताराने मला शाळेसाठीच घडवलं होतं. पण शाळेने ऐन वेळी पांढरा चकचकीत फळा घेतला आणि माझी रवानगी बुऱ्हाणपूरजवळच्या एका केळीवेफरच्या कारखान्यात झाली. तेव्हा मी फार हिरमुसलो होतो. आता वाटतं, शाळेत गेलो असतो तर निदान माझ्यावरचं चुकलेलं गणित कुणीतरी लगेच पुसलं असतं.

कारखान्यात मी स्टोअरच्या भिंतीवर लागलो. स्टोअर सांभाळणारे पांडुरंगभाऊ रोज सकाळी माझ्यावर शिल्लक माल लिहायचे. तेलाचे डबे इतके, मिठाची पोती इतकी, वेफरची पाकिटं ज्यापासून बनतात त्या प्लॅस्टिक फिल्मचे रोल इतके. अक्षर टपोरं, ओळी सरळ. मालक पाहुण्यांना मुद्दाम माझ्यापुढे उभं करून म्हणायचे, "या फळ्याकडे पाहिलं की सगळा कारखाना कळतो." मी फुगून जायचो.

पण खरं काय ते मला ठाऊक होतं. भाऊ दहा रोल मोजायचे आणि माझ्यावर सात लिहायचे. उरलेले तीन कोपऱ्यातल्या रिकाम्या पोत्यांखाली जायचे. त्यांना ते 'हातचे' म्हणत. भाऊंच्या मनात पाप नव्हतं. एकदा माल संपला म्हणून त्यांनी चारचौघांत बोलणी खाल्ली होती, त्याची धास्ती होती. पॅकिंग सांभाळणाऱ्या छायाताईंना त्यांची ही सवय माहीत होती. म्हणून त्याही चार रोल लागत असताना सहा मागायच्या आणि दोन खोक्यांमागे दडवायच्या. सगळे असे आपापलं झाकून बसले होते. मी सगळं पाहत होतो. फळ्याला तोंड नसतं हे खरं, पण मला त्या लपवाछपवीची गंमत वाटत होती, हेही तितकंच खरं.

मग गेल्या पावसाळ्यात घाटात रस्ता खचला आणि इंदूरहून येणारी रोलची गाडी पलीकडेच अडकली. पहिल्या दिवशी कुणी कुणाला काही विचारलं नाही. भाऊंनी आणखी चार रोल पोत्यांखाली सरकवले. ताईंनीही खोक्यांमागची थप्पी वाढवली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी माझ्यावर रोलपुढे भलंमोठं शून्य काढलं.

त्याच वेळी फाटकाशी आम्हाला केळी पुरवणाऱ्या निंबोला गावच्या शेतकरी रंभाबाईंची ट्रॉली येऊन थांबली. हिरव्यागार घडांनी भरलेली. रस्ता बंद म्हणून मंडीतही खरेदी थांबली होती. त्यांचा सगळा भरवसा आमच्यावर होता.

कारखान्याचे मॅनेजर दीपकसाहेब धावतच स्टोअरमध्ये आले. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. पाकीटच नसेल तर वेफर तळून काय करणार? पावसाळी हवेत तो संध्याकाळपर्यंत मऊ पडतो.

"रंभामावशी, माल वापस न्यावा लागेल," ते फाटकावरून म्हणाले. "रोल खतम आहेत. फळ्यावर झिरो लिहेल आहे."

"साहेब, कालच तर तुम्ही फोन करेल होता, काप म्हणून," रंभाबाईंचा आवाज मला आतपर्यंत ऐकू आला. "घड कापला का तो थांबते का? माह्या केळीले फळा वाचता येते का?"

भाऊ माझ्याशेजारीच उभे होते, हातात खडू. त्यांनी एकदा पोत्यांकडे पाहिलं. ओठ हलले. पण आता बोललो तर इतक्या वर्षांचं सगळं उघडं पडेल, या भीतीने त्यांनी मान खाली घातली. ट्रॉली वळली. तिचा आवाज वळणापलीकडे विरून जाईपर्यंत मी ते शून्य अंगावर घेऊन तसाच लटकत राहिलो. मित्रांनो, भिंतीवरून गळून पडावं असं मला त्या एकाच दिवशी वाटलं.

पाचव्या दिवशी पॅकिंगच्या बायकांना घरी बसवायची वेळ आली, तेव्हा छायाताईंना राहवलं नाही.

"साहेब, चार रोल आहेत माझ्याकडे. लपवून ठेवले होते. चुकलं माझं."

मग भाऊ कोपऱ्यात गेले आणि एकेक करून पोती बाजूला केली. सात रोल निघाले. अकरा रोलांत चार दिवस निभावले असते, आणि चार दिवसांत रस्ता सुरू होणार होता.

दीपकसाहेबांनी लगेच निंबोल्याला फोन लावला. पलीकडून रंभाबाईंचं इतकंच उत्तर आलं, "आता काय आणू? पिवळी पडली सगळी. ढोरांपुढे टाकली."

भाऊंनी आपल्या शर्टाच्या बाहीने माझ्यावरचं शून्य पुसलं. पुसताना त्यांचे डोळे भरून आले होते.

त्या दिवसापासून रोज सकाळी नऊ वाजता स्टोअर, पॅकिंग, तळणी आणि गाड्यांची माणसं माझ्यापुढे जमतात. ज्याचा आकडा त्याने सगळ्यांदेखत आपल्या हाताने लिहायचा. 'हातचे' असा एक नवा रकानाही आखलाय, म्हणजे दडवायचं कारण उरत नाही. दिवाळीआधी गाडी पुन्हा अडकली, तेव्हा नऊ वाजताच सगळ्यांना कळलं. कमी फिल्ममध्ये जास्त माल जावा म्हणून छोटी पाकिटं थांबवून मोठी भरली आणि निंबोल्याला वेळेवर निरोप गेला की दोन दिवस घड कापू नका. केळी झाडावरच राहिली.

मित्रांनो, तुमच्या हाती कधी खडू आला, तर माझ्यासारख्या मुक्यावर खोटं लिहू नका. आम्ही ते लिहू देतो, आणि लोक आमच्यावर विश्वास ठेवतात.

रंभाबाई आता घड कापण्याच्या आदल्या दिवशी स्वतः येतात. त्यांना वाचता येत नाही. माझ्यापुढे उभ्या राहून विचारतात, "पांडुरंगभाऊ, काय लिहेल हाये?"

"नऊ रोल, मावशी."

"खरं ना?"

भाऊ त्यांना रॅकपाशी नेतात आणि त्यांचा हात एकेका रोलवर ठेवून नऊपर्यंत मोजून देतात. रंभाबाई माझ्याकडे मात्र एकदाही बघत नाहीत.