अर्ध्या कानाचा माणूस

तुर्सिनबेकबरोबर सहलीला जायचं म्हणजे पाटी दिसेल तिथे थांबायचं. समरकंदला दोन दिवस, मग बुखारा, आणि प्रत्येक संग्रहालयात शेवटच्या खिळ्यापर्यंत सगळं वाचल्याशिवाय हा माणूस बाहेर पडेल तर शपथ! त्याच्या बायकोच्या, रायहानच्या, टाचांना फोड आले होते. पण लेकीचं, कामशातचं, पुढच्या महिन्यात लग्न. सासरी जाण्याआधी एकदा तिघं मिळून हिंडून येऊ म्हणून त्यानेच हौसेने घरून, शिमकेंतहून, गाडी काढली होती, मग तक्रार कुणी करायची?

बुखाऱ्याच्या किल्ल्यात मात्र त्याचा चष्मा गाडीतच राहिला. "पोरी, तू हो पुढे. वाचून ठेव, मी आलोच," असं म्हणून तो तलवारींपाशी रेंगाळला. कामशात पुढच्या दालनात गेली आणि एका जुन्या फोटोसमोर थबकली.

फोटोत दोन माणसं, मागे उंट. खाली लिहिलं होतं: 'तांड्यांचे वाटाडे. इतेमगेनचे मुलगे झानुझाक आणि बोताबाय.'

तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

झानुझाक तिचा पाचवा पूर्वज. बोलायला लागल्यापासून बापाने सात पिढ्या तिच्याकडून घोकून घेतल्या होत्या: तुर्सिनबेक, आबेन, कोझाखमेत, दोसझान, झानुझाक, इतेमगेन, सारीबाय. आणि बोताबाय हा येरनारचा, तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा, पाचवा. सोयरीक ठरताना येरनारच्या आजोबांनी काही लपवलं नव्हतं. "बोताबायच्या मागचं आम्हाला ठाऊक नाही. कुठूनसा एकटाच आला, घरजावई झाला, बापाचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. डावा कान तेवढा अर्धा, उंटाने तोडलेला." पुढे त्याने सासऱ्याचंच कूळ लावलं. ते आपल्याशी कुठेच जुळत नाही, म्हणून तुर्सिनबेकने कशीबशी मान हलवली होती.

फोटोतल्या धाकट्याचा डावा कान अर्धाच होता.

म्हणजे इतेमगेन दोघांचा सहावा. सात पिढ्यांच्या आतली भावकी. असल्या घरात कझाख माणूस पोरगी देत नाही, आणि तुर्सिनबेक तर नाहीच नाही. सख्ख्या पुतणीचं लग्न त्याने सातव्या पिढीवरून मोडलं होतं, तेही पाहुण्यांसाठी मेंढा कापून झाल्यावर.

"काय गं, भूत बघितलंस का?" रायहान लंगडत आली. लेकीने नुसतं बोट दाखवलं. रायहानने वाचलं, पुन्हा वाचलं आणि लेकीचा दंड गच्च धरला. "तू काही बघितलं नाहीस. मीही नाही. चल."

पण तुर्सिनबेक दारात उभाच होता. "काय आहे तिथं?"

"काही नाही हो. उंट आहेत. चला, पुलाव संपेल."

"उंट आहेत आणि मी बघायचं नाही?" तो पुढे आला, काचेला नाक लावलं. कोपऱ्यातली राखणदार बाई खेकसली, "काचेपासून लांब!" त्याचं लक्षच नव्हतं. "अगं रायहान, हा मोठा बघ! अगदी माझ्या बापाचं, आबेनचं कपाळ. वाच गं पोरी, कोण आहे?"

काहीही ठोकून देता आलं असतं. पण पाचव्या वर्षापासून घोकलेलं नाव नाकारायला कामशातची जीभ धजेना.

"इतेमगेनचा मुलगा झानुझाक," ती म्हणाली.

तुर्सिनबेकच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. एवढा आडदांड माणूस! राखणदार बाईकडे न बघता त्याने काचेवर तळहात ठेवला आणि दुवा मागताना फिरवतात तसा तो तोंडावरून फिरवला. मग नाक ओढत विचारलं, "आणि हा शेजारचा?"

"त्याचं नाव पुसलंय," रायहान घाईघाईने म्हणाली आणि पाटीसमोर जाऊन उभी राहिली.

कामशातने आता फक्त गप्प राहायचं. एवढंच. महिनाभराने ती येरनारच्या घरी असेल.

"बिचारा," तुर्सिनबेक म्हणाला. "आपला तरी आपल्याला सापडला. याचंही कुणी म्हातारं कुठेतरी वाट बघत बसलं असेल. नाव कळलं असतं तर मी स्वतः जाऊन सांगितलं असतं."

ते म्हातारं कामशातला माहीत होतं. नव्वदीला टेकलेले येरनारचे आजोबा अंथरुणाला खिळले होते, तरी आल्यागेल्या प्रत्येकाला विचारायचे, "अर्ध्या कानाच्या माणसाबद्दल कुणाकडून काही कळलं का?" साखरपुड्याला त्यांनी तिलाही विचारलं होतं. त्या घरात रोज त्यांना चहा देताना ती काय सांगणार होती?

"आई, बाजूला हो."

"कामशात, वेडी झालीस का?"

"हो बाजूला." तिने आईला हाताने सरकवलं. "बोताबाय. त्याचं नाव बोताबाय आहे, बाबा. ते भाऊ आहेत. त्याचा कान बघा."

तुर्सिनबेकने कान बघितला, मग लेकीकडे बघितलं. मग उजवा हात समोर धरून तो अंगठ्यापासून मोजायला लागला. आधी आपली माणसं, मग येरनारची. दोन्ही वेळा इतेमगेनशी येऊन थांबला. रायहानने भिंतीकडे तोंड फिरवलं.

पिढ्या मोजताना तुर्सिनबेक कधी चुकला नव्हता, सगळ्या शिमकेंतला हे ठाऊक होतं.

"थांब पोरी, रडू नकोस," तो म्हणाला. "माझंच कुठेतरी चुकलं असेल." आणि तो पुन्हा अंगठ्यापासून मोजायला लागला.